अंथरूण पाहून

‘अंथरूण पाहून पाय पसरावेत’ ही म्हण सांगणाऱ्याचे स्वतःचे अंथरूण बहुधा पुरेसे लांब असते. चादरींच्या गावात जन्म काढलेल्या माणसाला हे लवकर कळायला हवे होते. मला कळायला निम्मी नोकरी खर्ची पडली आणि त्याची किंमत दुसऱ्याच कोणी तरी भरली. ती गोष्ट आधी सांगतो.

मी सोलापुरात एका बँकेत तेहेतीस वर्षे काम केले. त्यातली बरीचशी वर्षे शहराच्या पूर्व भागातल्या शाखेत गेली. सोलापूरबाहेरच्या वाचकांसाठी सांगायला हवे, की पूर्व भाग म्हणजे यंत्रमागांचा दिवसरात्र चालणारा खडखडाट, पिढ्यांपूर्वी तेलंगणातून आलेल्या तेलुगूभाषक विणकरांची वस्ती आणि उंबऱ्याशी मांडीवर सूप घेऊन विड्या वळत बसलेल्या बायका. नवरा मागावर आणि बायको विडीवर, असा तो संसार. तेंदूची पाने भिजवायची, मापाने कापायची, चिमूटभर तंबाखू भरून वळायची, दोरा बांधायचा. हजार विड्या पुऱ्या करायच्या तर सकाळी खाली घातलेली मान दिवेलागणीपर्यंत वर काढता येत नाही. मग त्या कारखान्यात नेऊन दाखवायच्या. तपासणारा त्यातल्या काही ‘छाट’ म्हणून बाजूला काढणार. त्यांचे पैसे नाहीत. दिवसभर राबूनही आजची कमाई किती, हे विड्या तपासून होईपर्यंत सांगता येत नाही.

अशाच एक बाई १९९५ च्या पावसाळ्यात खाते मोडायला माझ्या टेबलाशी आल्या. आवर्ती ठेव होती. महिना शंभर रुपये, मुदत तीन वर्षे. तीस हप्ते भरून झाले होते, सहा राहिले होते. एकही हप्ता चुकलेला नव्हता.

“मोडून द्या की साहेब. पोरगं तापानं फणफणतंय. दवाखान्यात हजार भरायचेत.”

मी त्यांना बसवले आणि चांगली पंधरा मिनिटे समजावले. इतके दिवस भरलेत, आता सहा महिन्यांसाठी कशाला मोडता, व्याजाचे नुकसान होईल, थोडी कळ काढा, कुठून तरी सोय करा. आणि बोलता बोलता म्हणून गेलो, “तुम्ही लोक दूरचा विचारच करत नाही.” हे ‘तुम्ही लोक’ मला अजून आठवते. बाईंनी सगळे ऐकून घेतले, पासबुक पदराखाली धरले आणि निघून गेल्या. एक ठेव मोडण्यापासून वाचवली याचे मला समाधान वाटले. संध्याकाळी घरी सांगितलेसुद्धा.

सहा महिन्यांनी मुदत भरली तेव्हा त्या पैसे न्यायला आल्या. तेलुगूत सही केली. मी कौतुकाने म्हटले, “बघा, थांबलात म्हणून पूर्ण व्याज मिळालं.” त्या हसल्या. “तुमचं ऐकलं साहेब. हजार गल्लीतनं उचलले. शेकडा दहानं.”

शेकडा दहा हा दर वर्षाचा नव्हे, महिन्याचा. म्हणजे हजारावर दरमहा शंभर रुपये. सहा महिने त्या बाई शंभर रुपये बँकेत भरत होत्या आणि शंभर रुपये गल्लीतल्या सावकाराला देत होत्या. सहाशे रुपये व्याजात गेले आणि हजाराचे मुद्दल तसेच उभे राहिले; ते आता या ठेवीतूनच फेडायचे होते. त्या गेल्यावर मी एका स्लिपच्या पाठीवर आकडे मांडले. ठेव त्याच दिवशी मोडली असती तर व्याजात फार तर शंभर-सव्वाशेची तूट आली असती. तेवढे वाचवायला त्यांनी सहाशे घातले होते, आणि तेही कशासाठी? तर बँकेतला साहेब रागावेल म्हणून.

तिसरा मार्गही होता. ठेवीच्या तारणावर बँक कर्ज देते. तो मी त्यांना सांगितला नव्हता. एवढ्याशा खात्यावर कर्जाचे कागद कोण रंगवणार, हा आमच्या टेबलांवरचा अलिखित हिशेब होता. दूरच्या विचाराचे प्रवचन देणाऱ्याने स्वतः त्या दिवशी पाच वाजेपर्यंतचाच विचार केला होता.

त्या सहाशे रुपयांनी मला जे शिकवले ते बँकेच्या कोणत्याही प्रशिक्षणात मिळाले नाही. त्यानंतर मी ‘गरिबांना पैसा टिकवता येत नाही’ हे वाक्य जिथे जिथे ऐकले तिथे तिथे कान टवकारू लागलो. आणि हे वाक्य आपल्या घरांतून किती सहज बोलले जाते, हे लक्षात आल्यावर जरा दचकलोच. कामवालीने आगाऊ पगार मागितला की, रिक्षावाल्याच्या मुलीचे लग्न थाटात झाले की, शेजारच्या झोपडीवर डिश अँटेना दिसली की हे वाक्य तयार असते.

आमच्या घरी एप्रिल-मेमध्ये वर्षाचे धान्य भरले जाई. गव्हाला ऊन दाखवायचे, एरंडेल चोळायचे, पत्र्याच्या पिंपांत भरायचे. ज्वारी, तूरडाळ, वर्षाचे तिखट. गच्चीवर कुरडया-पापड्या वाळत घातलेल्या. आई याला बेगमी म्हणे आणि बेगमी करणारे घर म्हणजे शहाण्यांचे घर, असा तिच्या बोलण्यातला भाव असे. लहानपणी मलाही तसेच वाटे. पण बेगमीला लागते काय, याचा विचार आम्ही कधी केला नव्हता. सुगीच्या दिवसांत एकदम हाती असलेली रक्कम लागते. चार पिंपे ठेवायला कोरडी, न गळणारी खोली लागते. ती भरलेली पिंपे आषाढात मोडून विकावी लागणार नाहीत इतकी शाश्वती लागते. दहा बाय दहाच्या खोलीत सहा माणसे, मध्ये पानांचे भिजलेले मुटके आणि छताला ओल, अशा ठिकाणी वर्षाचा गहू भरणारीला आपण शहाणी म्हणणार नाही.

मग ती काय करते? रोजचे रोज आणते. पावशेर तेल, छटाकभर साखर, चहाची एक पुडी, शाम्पूची एक पुडी. वर्षभराच्या या पुड्यांची बेरीज केली तर ती आमच्या आईपेक्षा त्याच मालाला जास्त पैसे मोजते. हे त्या बायकांना कळत नाही असे कृपा करून समजू नये. कोणत्या दुकानात तेल किती पैशांनी स्वस्त, कोणता वाणी मापात मारतो, कोण महिनाअखेर उधार देतो, हे त्यांना तोंडपाठ असते. माझ्या माहितीतल्या पगारदारांपैकी निम्म्यांना तरी आपल्या घरच्या तेलाचा भाव सांगता येणार नाही. त्यांना सांगता यायची गरजच पडत नाही, आणि ‘वर्ग’ या शब्दाचा एक साधा अर्थ मला इथे सापडतो. ज्याच्या घरी पहिल्या तारखेला पैसे येतात तो महिन्याचा विचार करू शकतो. ज्याच्या घरी सुगीला येतात तो वर्षाचा. ज्याच्या घरी संध्याकाळी येतात त्याने संध्याकाळचा विचार नीट केला, तर त्याला अदूरदर्शी म्हणण्यात अर्थ नाही.

सोलापूरकराला हे पाण्यावरून चटकन पटेल. उजनीपासून शहरापर्यंत शंभराहून अधिक किलोमीटरची जलवाहिनी टाकूनही आमच्या आयुष्याची कितीतरी वर्षे नळाला तीन-तीन, चार-चार दिवसांआड पाणी येण्यात गेली. ज्याच्या अंगणात हौद आहे, गच्चीवर टाक्या आहेत, मोटर आहे, त्याला आज पाण्याचा वार आहे की नाही हेसुद्धा ठाऊक नसे. ज्याच्याकडे दोन पिंपे आणि सहा घागरी, त्याच्या घरातली बाई पहाटे दोनला नळाशी बसलेली. दुसऱ्या दिवशी तिचे डोळे तांबारलेले, विड्या कमी, छाट जास्त. आणि डोक्यात सतत एक हिशेब चालू: आज धुणे काढले तर परवा अंघोळीला उरेल का? पाहुणे आले तर? चुकून पाणी पाचव्या दिवशी आले तर? हौदवाल्याच्या डोक्यातली ही जागा मोकळी असते. त्या मोकळ्या जागेत तो मुलाच्या कॉलेजचा, विम्याचा, प्लॉटचा विचार करतो आणि त्याला वाटते आपली बुद्धीच तशी.

ही डोक्यातली जागा मोजण्याचा एक प्रयत्न तमिळनाडूत झाला आहे, आणि तोही ऊस पिकवणाऱ्यांवर, म्हणून आपल्या जिल्ह्याला तो जवळचा वाटावा. आनंदी मणी, सेंधिल मुल्लईनाथन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिथल्या ४६४ ऊस उत्पादकांना दोनदा गाठले. एकदा तोडणीच्या आधी, जेव्हा हात रिकामे असतात आणि घरात उसनवारी चालू असते. आणि एकदा तोडणीनंतर, पैसे हाती आल्यावर. दोन्ही वेळा आकृत्या जुळवण्याची, लक्ष एकवटण्याची तीच तऱ्हेची कोडी दिली. माणूस तोच, शिक्षण तेच, जमीन तीच. तोडणीपूर्वी तो चुकला अधिक आणि वेळही जास्त लावला. तोडणीनंतर त्याच माणसाची कामगिरी लक्षणीय सुधारली. हा अभ्यास २०१३ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात आला. अशा प्रकारच्या काही इतर प्रयोगांवर पुढे शंका घेतल्या गेल्या, त्या घ्यायलाही हव्यात. पण ऊस गेल्यावर चौदा दिवसांत पैसे द्यावेत असे कायदा सांगत असताना महिनोन्‌महिने बिलाची वाट पाहणारा शेतकरी ज्याने घरात पाहिला आहे, त्याला या निष्कर्षाचे फारसे नवल वाटणार नाही. दिवाळीत चिडचिडा, विसराळू, नको तिथे सही करणारा तो माणूस बिल आल्यावर पुन्हा आपल्या ओळखीचा होतो.

दुसरा एक प्रयोग पुष्कळ वाचकांना ठाऊक असेल, कारण पालकसभांत तो अनेकदा सांगितला जातो. अमेरिकेत स्टॅनफर्ड येथे वॉल्टर मिशेल यांनी लहान मुलांपुढे मिठाई ठेवून म्हटले, आता खाल्लीत तर एकच, थोडा वेळ थांबलात तर दोन. जी मुले थांबली ती पुढे आयुष्यात पुढे गेली, असे त्याचे तात्पर्य सांगतात आणि घरोघरी पोरांना संयमाचे धडे देतात. त्याचा पुढचा भाग मात्र सभांतून कोणी सांगत नाही. २०१८ मध्ये टायलर वॉट्स आणि सहकाऱ्यांनी नऊशेहून अधिक मुलांच्या नोंदी तपासल्या, तेव्हा घरची परिस्थिती हिशेबात घेतल्यावर संयमाचे ते पुढचे फळ बरेचसे विरघळून गेले. रॉचेस्टर विद्यापीठातल्या प्रयोगात तर आणखी गंमत आहे. तिथे अठ्ठावीस मुलांच्या दोन तुकड्या केल्या. एका तुकडीला आधी सांगितले, चांगले रंग आणून देतो. आणि खरोखर आणून दिले. दुसरीलाही तेच सांगितले, पण मोठी माणसे हात हलवत परत आली. मग मिठाई पुढे ठेवली. ज्यांना दिलेला शब्द पाळला गेला होता ती मुले सरासरी बारा मिनिटे थांबली. ज्यांचा शब्द मोडला होता ती तीन मिनिटे.

त्या तीन मिनिटवाल्या पोरांना उतावळे म्हणायचे की शहाणे?

माझे वडील सोलापूरच्या एका गिरणीत जॉबर होते. एके काळी या गावात भोंग्यावर घड्याळे लावत. १८७७ साली सुरू झालेली जुनी मिल, लक्ष्मी, विष्णू, नरसिंग गिरजी ही नावे आमच्या लहानपणी देवळांच्या नावांसारखी उच्चारली जात. गिरणीतली नोकरी म्हणजे मरेपर्यंतची सोय, पुढे मुलगाही चिकटणार, असा हिशेब. वडिलांनी वीस वर्षांचा विचार करून आयुष्य मांडले होते. जुनी मिल १९६० च्या दशकात गेली, पुढची तीस-चाळीस वर्षे एकेक करून बाकीच्या गेल्या. वडिलांची गिरणी बंद पडली तेव्हा देणी किती, कधी मिळणार, हे विचारायला ते कित्येक वर्षे सायकलवरून जात राहिले. काही मिळाले, बरेच मिळाले नाही. शेजारी एक यंत्रमाग कामगार होता, तो मिळेल ते त्याच आठवड्यात उडवी. गड्ड्याच्या जत्रेत पोरांना पाळण्यात बसवी, जिलबी खाऊ घाली. वडील त्याला नावे ठेवत. नंतर नंतर त्यांनी नावे ठेवणे सोडून दिले.

आमच्या घरातली दूरदृष्टी कोणी दाखवली हेही सांगायला हवे. थोरल्या भावाने दहावीनंतर शाळा सोडून माग धरला आणि त्याच्या आठवड्याच्या पगारावर मी बी. कॉम. झालो. एका घराला एकाच मुलापुरता लांबचा विचार परवडत होता. तो कोणासाठी करायचा हे ठरवताना माझे गुण पाहिले गेले होते, हे खरे; पण भावाचे गुण पाहायला तो पुढे शिकलाच कुठे? मी बँकेत लागल्यावर नातेवाइकांत माझे उदाहरण दिले जाई. भाऊ मागावर बहिरा झाला. असो.

गरिबाच्या उधळपट्टीचे हे आख्यान फार जुने आहे. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातल्या सुप्यात शेतकऱ्यांनी सावकारांच्या वह्या-खतांची होळी केली आणि दख्खनचे दंगे सुरू झाले. त्यांच्या चौकशीसाठी सरकारने आयोग नेमला. तेव्हाही शिष्ट लोकांचे मत ठरलेलेच होते, की कुणबी लग्नाकार्यांत पैसा उधळतो म्हणून कर्जात बुडतो. आयोगाने मात्र हिशेब पाहून लिहिले, की या कारणाला वाजवीपेक्षा जास्त महत्त्व दिले गेले आहे. असे प्रसंग क्वचित येतात, आणि वर्षांच्या हिशेबात त्या माणसाने केलेला खर्च त्याच्या स्थितीतल्या माणसाने करू नये इतका नसतो. इंग्रज सरकारच्या आयोगाला जे दिसले ते अजून आपल्यातल्या अनेकांना दिसत नाही. कर्जाची मुळे अमेरिकेतले युद्ध संपताच कोसळलेल्या कापसाच्या भावात, वाढवलेल्या रोख शेतसाऱ्यात आणि लहरी पावसात होती. पुढे १८७९ मध्ये शेतकऱ्यांना दिलासा देणारा कायदा झाला आणि त्यात पुणे, सातारा, नगर यांच्याबरोबर सोलापूर जिल्हाही होता.

म्हणजे गरीब माणूस चुकतच नाही, असे मला म्हणायचे नाही. दारूच्या गुत्त्यावर हप्ता रिकामा करून येणारे नवरे मी काउंटरवरून पाहिले आहेत, आणि त्यांच्या बायका खात्यावर फक्त स्वतःचे नाव घालायला सांगायच्या तेही पाहिले आहे. आकड्याच्या नादाने गेलेली घरे या शहरात कमी नव्हती. पण तसा मूर्खपणा करणारा पगारदार मी पाहिला तेव्हा त्याच्यामागे त्याचा भविष्यनिर्वाह निधी उभा होता, सासरा उभा होता, बँकेची सोसायटी उभी होती. त्याचा मूर्खपणा चार महिन्यांत बुजून गेला. मागावरच्या माणसाचा तोच मूर्खपणा पोरीच्या शाळेवर जाऊन पडला. चूक सारखी, दंड वेगळा.

आणि भरल्या पोटी माणूस दूरचे पाहतोच, असे कुठे आहे? सोलापूर जिल्ह्याचे पाऊसमान साडेपाचशे मिलिमीटरच्या आसपास. ही मालदांडी ज्वारीची, मंगळवेढ्याच्या काळ्या रानाची भूमी. तिथे आज राज्यात सर्वांत जास्त साखर कारखाने असलेल्या जिल्ह्यांत आपली गणना होते, आणि बोअर किती फूट गेली हे लोक अभिमानाने सांगतात. पाच एकरवाल्याचे मी समजू शकतो. ज्वारीला उद्या काय भाव मिळेल ते सांगता येत नाही, उसाला निदान ठरलेला दर असतो. तो भरवशाच्या बाजूने जातो, त्या मिठाईच्या मुलांसारखाच. पण ज्यांच्याकडे पन्नास एकर, ठिबकला पैसा आणि सल्ल्याला तज्ज्ञ आहेत, त्यांनी नातवंडांच्या वाट्याचे भूजल उपसावे आणि त्यांना कोणी अदूरदर्शी म्हणू नये, हे मात्र मला पटत नाही.

आता त्या बाईंकडे परत येतो, कारण त्यांनी मला दुसऱ्यांदा खोटे पाडले.

२००० नंतरच्या एका वर्षी त्या पुन्हा आल्या. बचत खात्यातले जवळजवळ सगळे पैसे काढायचे होते. कशाला, म्हणून विचारले. कुंभारीला घर मिळणार होते. अक्कलकोट रस्त्यावरच्या त्या माळावर तेव्हा घर सोडाच, सावलीला झाडही नव्हते. नरसय्या आडम मास्तर यांच्या पुढाकाराने विडी कामगार बायकांची गृहनिर्माण संस्था उभी राहत होती, गोदावरी परुळेकरांच्या नावाने. घराची किंमत साठ हजार. वीस हजार केंद्र सरकार, वीस हजार राज्य सरकार आणि वीस हजार कामगार बाईने स्वतः भरायचे. दिवसाला हजार विड्या वळणाऱ्या बाईने, न उभ्या राहिलेल्या घरासाठी, वीस हजार.

मी बँकेतला माणूस. ओठांवर आले होते, की अक्का, हे बुडेल. पण १९९५ आठवत होते, म्हणून फक्त विचारले, “भरवसा आहे का?”

“आमच्या गल्लीतल्या चाळीस बाया हाईत साहेब त्यात. मोर्च्याला संगं जातो. बुडालं तर चाळिसांचं बुडंल, मग बघू की.”

यापेक्षा चांगले तारण मी कर्जाच्या फायलींत पाहिलेले नाही. पुढची काही वर्षे त्यांनी जमेल तसे भरले. कधी दोनशे, कधी पाचशे, मुलीचे डूल मोडून एकदा दोन हजार. तीन महिन्यांची ठेवही पुरी होत नाही म्हणून ज्यांच्याविषयी आमच्या शाखेत विनोद चालत, त्याच बायका वर्षानुवर्षे एका रिकाम्या माळावर पैसे भरत होत्या. १ सप्टेंबर २००६ रोजी तत्कालीन पंतप्रधान मनमोहनसिंग यांच्या हस्ते तिथल्या घरांचा ताबा दिला गेला. दहा हजारांहून अधिक घरे, सगळी विडी कामगार बायकांची. पुढे कुंभारीतच तीस हजार घरांचे रे नगर झाले. त्यातल्या पहिल्या पंधरा हजार घरांचा ताबा १९ जानेवारी २०२४ ला पंतप्रधान नरेंद्र मोदी यांनी दिला आणि त्यात यंत्रमाग कामगार, फेरीवाले, कचरा वेचणारे सगळे आले. आडम मास्तरांचे राजकारण ज्यांना पटत नाही अशा माझ्या मित्रांनाही एवढे मान्य करावे लागते, की या बायकांना दहा वर्षांपुढचे पाहता येत नाही, हे म्हणणे आता चालायचे नाही. दर महिन्याला कोणी तरी जमिनीचे, मंजुरीचे, अनुदानाचे काय झाले ते येऊन सांगत होते. थोडे थोडे भरायची सोय होती. आणि शेजारीण भरत होती. आमच्या बँकेत यातले काय होते? चकचकीत फलक होता आणि माझे प्रवचन होते.

निवृत्तीनंतर एकदा कुंभारीला गेलो. घरे सारखी, पण प्रत्येकीने पुढे काही तरी आपले केलेले. कोणाचा तुळशीकट्टा, कोणाचे पत्र्याचे शेड. गाव दूर, बसभाड्यात पैसा जातो, उन्हाळ्यात पाण्याचे हाल, या तक्रारी बाईंनी आधी ऐकवल्या. मग आत नेले. स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात पत्र्याची दोन पिंपे होती. एकात ज्वारी. “सुगीत घेतली, तवा स्वस्त पडती,” त्या म्हणाल्या. पुढ्यात भाकरी, शेंगाचटणी आली. ज्याला तेव्हा ताप आला होता तो मुलगा आता एका टॉवेलच्या कारखान्यात कामाला होता, त्याची धाकटी पोर दारात खेळत होती.

नातीच्या नावाने काही तरी टाकायचे म्हणत होत्या. महिना पाचशे. मी नव्या दरांचे, मुदतीचे सांगायला तोंड उघडले, तर त्यांनी हाताने थांबवले.

“ते र्‍हाऊ द्या साहेब. मधीच मोडली तर किती कापतेत, ते आधी सांगा.”

मी खिशातून कागद काढला आणि तो आकडा आधी लिहून दिला.